आकड्यांआड गेलेलं काम: डास आणि माकडांच्या जीनोमवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं मूल्यमापन

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातलं हे प्रकरण आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला संशोधन प्रकल्प करावा लागतो. सगळ्यांना स्वतंत्र प्रयोग देता येईल एवढी साधनं आमच्याकडे नाहीत. म्हणून काही जणांना आम्ही वाचनावर आधारलेला प्रकल्प देतो: एक शास्त्रज्ञ निवडायचा, त्याचं काम मुळातून वाचायचं आणि त्या कामामुळे नेमका काय फरक पडला ते दाखवायचं. धारूरकडच्या एका विद्यार्थिनीने मॅथ्यू हान यांचं नाव निवडलं. हान हे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक आहेत. जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्हींत त्यांचं काम चालतं, आणि त्यातला मोठा भाग डास व माकडकुळाच्या जीनोमवरचा, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएवरचा आहे.

तिची आवड डासांची. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की तिच्या गावात घरापुढे निळे बॅरल, रांजण, सिमेंटचे हौद भरलेले दिसतात, आणि आठवडाभरात त्यात अळ्या वळवळायला लागतात. आशाताई दारोदार फिरून भांडी उपडी करायला लावतात, कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. पाणी साठवणं ही आमच्याकडची गरज आहे आणि साठवलेलं पाणी ही डासांची सोय.

तिच्या अहवालाचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात तक्ते होते. एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी त्यांच्या लेखांचा किती वेळा हवाला दिला), त्यावरूनच काढलेला एच-इंडेक्स, कोणत्या नियतकालिकात किती लेख, त्या नियतकालिकांचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर. मेहनत भरपूर होती आणि सगळे आकडे बरोबर होते. पण अहवाल संपला तरी या माणसाने डासाबद्दल काय शोधलं ते वाचणाऱ्याला कळत नव्हतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे प्राध्यापकांच्या बढतीपासून विभागाच्या मूल्यांकनापर्यंत सगळीकडे रकान्यात आकडाच मागितला जातो. मुलं आमच्याकडे बघूनच शिकतात.

या मसुद्यावरच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सरळ विचारलं, "आफ्रिकेतल्या डासांवर काम करणारा माणूस. आपल्या पोरीला त्याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तक्त्यांतून निघणार नव्हतं. म्हणून तिला सांगितलं, आकडे तूर्त बाजूला ठेव. तीन-चार लेख निवड, पूर्ण वाच, आणि प्रत्येकाबद्दल एवढंच लिही: हा लेख येण्याआधी लोक काय धरून चालत होते, आणि आल्यावर काय धरून चालणं अवघड झालं?

बेटं दिसली, आणि पुन्हा तपासली गेली

तिने पहिला लेख घेतला २००५ चा. टर्नर, हान आणि नुझदिन यांचा, आफ्रिकेतल्या ॲनोफिलीस गॅम्बी या हिवतापाच्या डासावरचा. या डासाची तेव्हा दोन रूपं मानली जात, एम आणि एस. डोळ्यांनी पाहून ती वेगळी ओळखता येत नाहीत. एकाच गावात सापडतात, अधूनमधून संकरही होतो, तरी जनुकांच्या काही खुणांवरून दोन गट वेगळे पडतात. पुढे २०१३ मध्ये एम रूपाला ॲनोफिलीस कोलुझी असं स्वतंत्र जातीचं नाव मिळालं.

या लेखात पूर्ण जीनोम चाळून पाहिलं तेव्हा दोन्ही रूपं जवळपास सगळीकडे सारखीच निघाली. फरक ठळक दिसला तो मोजक्या लहान भागांत. या भागांना 'जातिनिर्मितीची जनुकीय बेटं' म्हटलं गेलं. अर्थ असा लावला गेला की बाकी जीनोममध्ये दोन्ही गटांत जनुकांची देवाणघेवाण चालू आहे, फक्त या बेटांवर ती अडते, आणि दोन जातींना वेगळं करणारी जनुकं तिथेच असावीत. कल्पना देखणी होती. पक्षी, फुलपाखरं, मासे, वनस्पती, जिथे तिथे अभ्यासक अशी बेटं शोधू लागले.

२०१४ मध्ये क्रुकशँक आणि हान यांचा लेख आला. हान तेच. डासांबरोबर इतर प्राण्यांची आधी प्रसिद्ध झालेली आकडेवारी त्यांनी पुन्हा तपासली आणि सांगितलं की ही बेटं देवाणघेवाण अडल्यामुळे तयार झाली असं या पुराव्यावरून म्हणता येत नाही. त्या भागात प्रत्येक गटाच्या आतली विविधताच कमी झाली आहे, म्हणून ती बेटांसारखी दिसतात.

इथे विद्यार्थिनी अडली. दोन्ही लेख तर एकाच माणसाचे. मग गणित फळ्यावर मांडलं. दोन गटांतला वेगळेपणा मोजायला बहुतेक जण एफएसटी नावाचं माप वापरतात. त्याचं ढोबळ रूप असं: दोन गटांमधलं अंतर वजा गटाच्या आतलं अंतर, भागिले दोन गटांमधलं अंतर. समजा गटांमधलं अंतर १० आणि आतलं ८. उत्तर ०.२, म्हणजे वेगळेपणा कमी. आता गटांमधलं अंतर १० च राहू दे आणि आतलं अंतर तेवढं ८ वरून २ वर आण. उत्तर ०.८. वेगळेपणा चौपट झालेला दिसतो, पण दोन गट एकमेकांपासून तसूभरही लांब गेलेले नाहीत. आतली माणसं एकसारखी झाली, एवढंच घडलं.

आता हे जीनोममध्ये कुठे घडेल? गुणसूत्राच्या सेंट्रोमियरजवळ, म्हणजे त्याच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागेजवळ, जनुकांची अदलाबदल फार कमी होते. तिथे एखादं उपयुक्त जनुक निवडीने पुढे आलं की शेजारचा मोठा पट्टा त्याच्यासोबत ओढला जातो आणि तिथली विविधता पुसली जाते. डासातली ठळक बेटं अशाच भागांत होती. देवाणघेवाण खरंच अडली असती तर दोन गटांमधलं निव्वळ अंतरही बेटांवर वाढलेलं दिसायला हवं होतं. ते मोजायला डीएक्सवाय नावाचं वेगळं माप आहे. त्या मापाने पाहिलं तर ते वाढलेलं दिसत नव्हतं. याचा अर्थ दोन रूपांत संकर होतच नाही असाही नाही, संकराचे स्वतंत्र पुरावे आहेत. एफएसटीच्या उंच शिखरावरून देवाणघेवाण अडल्याचा निष्कर्ष काढणं तेवढं चुकीचं ठरलं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. सायटेशनच्या यादीत २००५ चा लेखही जमेला लागतो आणि २०१४ चाही. दोन्हींची बेरीज होते. दुसऱ्याने पहिल्याचा अर्थ बदलला ही गोष्ट कोणत्याही बेरजेत दिसत नाही. आणि याच क्षेत्रातल्या कुणाशीही बोललात तर परिणाम म्हणून तो हीच गोष्ट आधी सांगेल: आता बेटांवर लेख लिहायचा तर दोन्ही मापं द्यावी लागतात, नाहीतर परीक्षक विचारतात. एका शास्त्रज्ञाने स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर परत यावं, तो नव्या कसोटीवर घासावा आणि जे निघालं ते छापावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. आपल्या मुलांना हे दाखवायलाच हवं.

कॅफे: तक्त्यातलं शून्य

हान यांच्या कामाचा दुसरा धागा जनुककुटुंबांचा. एखाद्या जनुकाच्या प्रती वाढतात, काही नष्ट होतात. अशा एकमेकांशी नातं असलेल्या प्रतींचं कुटुंब बनतं. वास ओळखणारी जनुकं, विष पचवणारी जनुकं, अशी कुटुंबं डासात मोठी असतात. जातीजातींत त्यांची संख्या बदलते, पण तो बदल नुसता योगायोगाचा की नेहमीपेक्षा वेगवान, हे ठरवायला आधी संख्याशास्त्रीय चौकट लागते. ती चौकट हान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली आणि २००६ मध्ये तिचं सॉफ्टवेअर आलं, नाव कॅफे. ते मोफत आहे. पुढे सुधारित आवृत्त्या निघत गेल्या, पाचवी २०२० ची. कोणताही नवा जीनोम जाहीर करणारा लेख उघडा, भाताचा असो की माशाचा, कुटुंबं वाढली-घटली हे सांगणारं झाड, म्हणजे जातींच्या नात्यांची आकृती, त्यात बहुतेक वेळा असतं, आणि ते बऱ्याचदा कॅफेतून काढलेलं असतं.

हे नुसतं लिहून चालणार नाही, चालवून बघ, असं तिला सांगितलं. विभागातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं. कॅफेला दोन फाइल लागतात: एक काळानुसार मापलेलं जातींचं झाड, दुसरा जनुकसंख्येचा तक्ता. तक्त्यात प्रत्येक ओळ एक कुटुंब, प्रत्येक रकाना एक जाती. डासांचे जीनोम सार्वजनिक आहेत. २०१५ मध्ये ॲनोफिलीसच्या १६ जातींचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले, त्या प्रकल्पात हानही होते. फळमाशांच्या तुलनेत या डासांत जनुकं वाढण्या-घटण्याचा वेग जास्त आहे, हा त्यातला एक मुख्य निष्कर्ष.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा उत्तर स्थिर होईना. काही अवाढव्य कुटुंबं तक्त्यात होती, ती वेगळी काढल्यावर गाडी रुळावर आली. मग ती एका ओळीपाशी थांबली. त्या कुटुंबात बाकी डासांच्या रकान्यांत तीन, चार, तीन असे आकडे आणि आपल्याकडच्या ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस या डासाच्या रकान्यात शून्य. तिने लिहिलं: या डासाने हे कुटुंब गमावलं. मी विचारलं, गमावलं की सापडलं नाही? जीनोम तुकड्यातुकड्यांनी वाचून जोडला जातो. जोडणी कच्ची असेल तर जनुक दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत हरवतं, किंवा एकच जनुक दोन जागी तुटून दोनदा मोजलं जातं. यावरही हान यांच्या गटाचं २०१४ चं काम आहे: कच्च्या जोडणीत ४० टक्क्यांहून अधिक कुटुंबांची जनुकसंख्या चुकीची निघू शकते असं त्यात दाखवलं आहे. कॅफेत मोजणीतली चूक धरून हिशेब करायची सोय आहे ती याचसाठी. तिने ती सोय वापरून पुन्हा चालवलं, आणि अहवालात त्या शून्यापुढे 'अनिर्णित' असं लिहिलं. मला वाटतं अख्ख्या अहवालात सगळ्यात मोलाचा शब्द तो होता.

माकडांची बाजू

हीच चौकट हान आणि सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांवर चालवली. माणूस आणि चिंपांझी यांच्यात सव्वा टक्क्याच्या आसपास फरक असतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. तो फरक जुळणाऱ्या डीएनएमधल्या एकेका अक्षराचा. २००६ च्या लेखात त्यांनी संख्येचा फरक मांडला: दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यापासून माणसात ६८९ जनुकं वाढली, चिंपांझीत ७२९ घटली. मिळून १,४१८, म्हणजे साधारण २२,००० जनुकांच्या हिशेबात ६ टक्क्यांच्या पुढे. अक्षरं बदलण्याइतकंच जनुकांची संख्या बदलणंही उत्क्रांतीत महत्त्वाचं, हा त्यामागचा मुद्दा. अर्थात तेव्हाचा चिंपांझी जीनोम कच्चा होता. वरचं २०१४ चं काम या आकड्यालाही लागू पडतं. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असं तिने अहवालात नोंदवलं.

२००७ मध्ये लाल तोंडाच्या माकडाचा, म्हणजे ऱ्हीससचा, जीनोम आला, त्या चमूतही हान होते. माणसाच्या आणि ऱ्हीससच्या डीएनएत साधारण ९३ टक्के साम्य निघालं. पुढे घुबडमाकडांवरच्या २०१८ च्या अभ्यासात पित्याचं प्रजननाचं वय आणि पुढच्या पिढीत जाणारी नवी उत्परिवर्तनं यांचं नातं तपासलं गेलं. त्यावर तिने एकच परिच्छेद लिहिला, आणि प्रकल्पाच्या मानाने तेवढा पुरेसा होता.

२०२० चा लेख मात्र वर्गात रंगला. तीन नवे जीनोम घेऊन माकडकुळाचं झाड नव्याने मांडलेलं, आणि पुराव्यांतून दिसलं की जातींच्या वाटा फुटल्यानंतरही पूर्वी काही ठिकाणी जनुकांची देवाणघेवाण झाली होती. त्या तीनपैकी एक कोलोबस माकड. सादरीकरणात मुलांनी लवूळचा विषय काढलाच. माजलगाव तालुक्यातल्या त्या गावातल्या वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून नेल्याची बातमी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली होती. आपलं काळ्या तोंडाचं वानर नात्याने कोलोबसच्या जवळचं, लाल तोंडाच्या माकडाच्या नाही, हे त्या निमित्ताने सगळ्यांना नीट कळलं.

"आपल्या पोरीला उपयोग काय?"

ज्येष्ठ सरांच्या प्रश्नाचं उत्तर २०१५ च्याच आणखी एका लेखात होतं. गॅम्बीच्या कुळातल्या एकसारख्या दिसणाऱ्या जातींचं झाड काढायचं होतं. प्रत्येक जनुकावरून वेगळं झाड निघत होतं. एक्स गुणसूत्र सांगत होतं की गॅम्बी आणि अरेबिएन्सिस हे लांबचे, बाकी गुणसूत्रं सांगत होती की ते सख्खे. बहुमताने ठरवलं असतं तर चूक झाली असती. जातींच्या फुटण्याचा खरा क्रम जीनोमच्या साधारण २ टक्क्यांत टिकून होता, प्रामुख्याने एक्सवर. बाकीचा इतिहास जातींमधल्या देवाणघेवाणीने पुसून टाकला होता. हिवताप पसरवणाऱ्या मुख्य जातीच आपापसांत जनुकं देत-घेत आल्या आहेत. म्हणजे एका जातीत तयार झालेली कीटकनाशकाला दाद न देण्याची क्षमता दुसरीत जाऊ शकते. गॅम्बी आणि कोलुझी यांच्यात तसं घडल्याचं पश्चिम आफ्रिकेत आढळलंही आहे.

आता आपल्याकडे या. ग्रामीण भारतात हिवतापाचा मुख्य डास ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. तोही एक डास नाही. ए, बी, सी, डी, ई अशा पाच भावंडजातींचं ते कुळ आहे. १९८० मध्ये ए आणि बी वेगळ्या दाखवल्या गेल्या. पुढे सरला सुब्बराव आणि सहकाऱ्यांनी हे काम वाढवलं. बाहेरून पाचही सारख्या. बी हिवताप पसरवण्यात कमजोर, बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. एखाद्या गावात नुसतं 'क्युलिसिफेसीस सापडला' एवढं लिहून फवारणी ठरवली तर कोणत्या डासासाठी फवारलं ते कळत नाही. शहरात हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टेफेन्सी हा तर हौद आणि टाक्यांचाच डास. तो आपल्या भागातून बाहेर पडून २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि तिथून पुढे पसरतो आहे. त्या १६ जीनोममध्ये क्युलिसिफेसीस आहे आणि स्टेफेन्सीही आहे.

हे ऐकून सर म्हणाले, "मग हे आधी सांगायचं होतं." आधी कसं सांगणार? पहिल्या मसुद्यात हे कुठेच नव्हतं. त्यांनी आणखी एक शंका काढली, ती मला अजूनही पटते: हे सगळं काम एकट्या हान यांचं नाही. १६ जीनोमच्या लेखामागे मोठा आंतरराष्ट्रीय चमू, गॅम्बीच्या झाडामागे नोरा बेसान्स्की यांच्यासारख्या डास-अभ्यासकांची अनेक वर्षांची मेहनत, आणि गावोगाव फिरून डास गोळा करणारे स्थानिक कामगार, ज्यांची नावं लेखावर येतातच असं नाही. म्हणून विद्यार्थिनीने अहवालाचं एक पान बदललं. प्रत्येक लेखापुढे हान यांचा वाटा काय असावा ते लिहिलं: कुठे पद्धत, कुठे विश्लेषण, कुठे फक्त चमूतला एक. जिथे लेखावरून कळत नव्हतं तिथे तसं नमूद केलं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एच-इंडेक्स विचारला. तिने सांगितला, तो परिशिष्टात होता. मग त्यांनी एफएसटीचं गणित फळ्यावर मांडायला लावलं आणि बराच वेळ त्यावरच प्रश्न चालले. ०.२ चं ०.८ कसं होतं हे तिने न अडखळता समजावलं.

त्यानंतर विभागाने वाचन-प्रकल्पाचा नमुना बदलला. आकड्यांचा तक्ता परिशिष्टात गेला. पुढे तीन प्रश्न आले: काय धरून चालत होते, काय बदललं, आणि शास्त्रज्ञाने स्वतःचं एखादं म्हणणं नंतर सुधारलं का. तिसऱ्या प्रश्नावर एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे. सुधारणा केली नाही म्हणजे काम हलकं, असा अर्थ मुलं काढतील, असं त्यांना वाटतं. तो वाद मिटलेला नाही, प्रश्न तूर्त ऐच्छिक ठेवला आहे.

विद्यार्थिनी आता पीएच.डी.च्या तयारीत आहे. धारूर, केज, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या विहिरी, हौद आणि बॅरलमधून अळ्या गोळा करून भावंडजाती ओळखायच्या, असा तिचा प्रस्ताव आहे. तो मांडताना तिने एक अट स्वतःच घातली: एका जनुकाच्या खुणेवरून कोणत्याही नमुन्याला जातीचं नाव द्यायचं नाही. एक्सवरची एक खूण आणि इतर गुणसूत्रांवरच्या दोन तरी घ्यायच्या, आणि त्यांचं एकमेकांशी जुळलं नाही तर तो नमुना टाकून न देता वेगळ्या डबीत, वेगळ्या नोंदीसह ठेवायचा. खर्च त्यामुळे वाढतो. निधीच्या अर्जात तो वाढीव खर्च कसा पटवून द्यायचा, यावर आम्ही सध्या बसलो आहोत.